जुन्या डिस्कवरचे आबा

खंडेनवमीला हत्यारं पुजायची ही आपली रीतच आहे. कुणी विळा पुजतं, कुणी शिलाई मशीन, कुणी ट्रॅक्टर, आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण रावसाहेब मगदूम यांनी यंदा पूजा जरा जास्तच मनापासून केली. कुरुंदवाडच्या वाचासेतू केंद्राचे ते व्यवस्थापक. दरवर्षी सर्व्हरच्या कपाटाला बाहेरून हार घालायचे, नारळ वाढवायचे, झालं. यंदा त्यांनी यंत्र रीतसर बंद केलं, आतल्या डिस्का ओढून काढल्या, ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या, पाटावर ओळीने मांडल्या आणि एकेकीला हळदकुंकू लावलं. त्या फडक्याबरोबर डिस्कांवर मार्करने लिहिलेले आकडेही गेले. मग डिस्का परत खोचल्या, बटण दाबलं, आणि केंद्रातल्या अकरा माणसांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटेना.

केतकी भोकरे इचलकरंजीहून स्कूटर पळवत आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. अशा सर्व्हरांची देखभाल हा तिचा धंदा. तिला बघताच मगदूमकाकांनी हात जोडले.

"काका, आधी सांगा, यंत्र बंद कधी केलंत?"

"नऊला आठ मिनिटं कमी असताना. मुहूर्त होता नव्हं."

"आणि मला फोन साडेबाराला?"

"अगं, मला वाटलं माझं मीच निस्तरतो. लाज वाटली गं."

केतकीने मनातल्या मनात हिशेब केला. दोन वाजून बावन्न मिनिटं. हातात पावणेदोन तासही नव्हते.

आता हे दोन बावन्न काय, ते सांगायला हवं. अर्धांगाचा झटका आला की काही माणसांचं बोलणं जातं. अर्थ डोक्यात असतो, शब्द सापडत नाही. पाणी हवंय हे कळतं, 'पाणी' मात्र जिभेवर येत नाही. अशांच्या कवटीखाली एक पातळ जाळी बसवतात. मनातला अर्थ ती टिपते आणि सर्व्हरला कळवते. सर्व्हरवर त्या माणसाचा नकाशा असतो, म्हणजे कुठल्या अर्थापासून कुठल्या शब्दाकडे वाट जाते त्याची नोंद. त्या वाटेने शब्द शोधून सर्व्हर डोळ्याचं पातं लवायच्या आत जाळीला परत धाडतो, आणि माणूस आपल्याच तोंडाने, आपल्याच आवाजात बोलतो. जी वाट रोज वापरात असते ती रुंदावते. जिच्यावरून कुणी जात नाही तिच्यावर गवत माजतं.

पण सर्व्हरशी गाठ तुटलेली जाळी डोक्यात जागी राहणं धोक्याचं. म्हणून ती अशीच बनवलेली असते, की सहा तास साथ मिळाली नाही तर कायमची मिटते. मग पुन्हा कवटी उघडा, पुन्हा नवी जाळी. शिवाय माणसाच्या मनाची नोंद केंद्राबाहेर न्यायची नाही असा कायदा. त्यामुळे नकाशे ठेवायचे ते फक्त यंत्रातल्या दोन जुळ्या डिस्कांवर. एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. जगात तिसरी प्रत नसते.

"पण काका," केतकी टेबलाकडे बघत म्हणाली, "इथे तीन आहेत."

खरंच, दोन डिस्का यंत्रात होत्या आणि एक टेबलावर, कपाळी कुंकू लावून बसलेली.

मगदूमकाकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "चार वर्षांपाठी एक डिस्क खराब व्हायला लागली म्हणून तूच बदलली होतीस की. जुनीला भोकं पाडून टाका म्हणालीस."

"पाडली नाहीत?"

"माणसांचे बोल होते गं त्यात! माझा हात धजेना. लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. दर खंडेनवमीला तिलाही कुंकू लावतो. एवढी चार वर्षं काही झालं नाही."

"एवढी चार वर्षं आतल्या बाहेर काढल्या नव्हत्या!"

केतकीने डोकं धरलं. तिला ओरडायचं होतं, पण ओरडून वेळ गेला असता. "बटण दाबल्यावर पडद्यावर काय दिसलं?"

"प्रत होत आहे, असं काहीतरी. शेकडा तीन झालं, शेकडा चार झालं. मी घाबरलो आणि वायरच उपटली."

झालं ते तिला कळलं. डिस्का आणि यंत्र यांच्यामध्ये एक कार्ड असतं, स्टोरेज अडॅप्टर म्हणतात त्याला. कुणाला आत घ्यायचं, कुणाचं ऐकायचं, यंत्र कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं, हे सगळं ते ठरवतं. दरवानच म्हणा ना. त्याला दोन डिस्का वेगवेगळ्या दिसल्या की वरच्या खाचेतली खरी मानायची आणि तिच्यावरचं खालचीवर उतरवून काढायचं, असा त्याचा मूळ शिरस्ता. वरच्या खाचेत मगदूमकाकांनी नेमकी ती चार वर्षांपूर्वीची जुनी घातली होती, हे तिने छापील पट्टीवरून ओळखलं. खालची आजची होती. तिच्यावर चार टक्के जुनं उतरलं होतं, आणि नकाशांची अनुक्रमणिका त्या पहिल्या चार टक्क्यांतच असते.

म्हणजे अकरा माणसांची आजची बोली आता टेबलावरच्या त्या एकाच डिस्कवर शिल्लक होती.

"काका, तिला हात लावू नका. तिच्याजवळ चहासुद्धा नको."

"नाही लावत. पण एवढं होईल ना गं?"

"बघू."

होईल ना, हे तिलाही स्वतःला विचारायचं होतं. बाहेरच्या दालनात खिडकीपाशी तिचे आबा बसले होते. त्यांची जाळी मिटली तर दुसरी बसवायला ते कधीच तयार होणार नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

विलास भोकरे म्हणजे एके काळी कुरुंदवाड स्टँडचा आवाज. 'शिरोळमार्गे सांगलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' असं ते म्हणायचे, तेव्हा झोपलेले प्रवासीसुद्धा पिशव्या सावरून उभे राहायचे. झटका आला आणि तो आवाज बंद पडला. डॉक्टरांनी जाळीचं सुचवलं. केतकीने विचारलं तेव्हा आबांनी मान हलवली होती, डावीकडे, उजवीकडे, मग जरा थांबून पुन्हा डावीकडे. नको. तिने बघितलं होतं. आणि तरी तिने कागदावर सही केली.

पहिले चाळीस दिवस सुखाचे गेले. आबा दिवसभर 'केतू, केतू' करायचे. मग त्यांच्याकडे पुरेसे शब्द जमले, आणि एका सकाळी त्यांनी विचारलं, "मी मान हलवली होती ना? मग सही का केलीस?" केतकी औषधाच्या बाटल्या लावत बसली. त्या दिवसापासून आबा तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मगदूमांशी बोलत, नर्सशी बोलत, कावळ्याशीसुद्धा बोलत. मुलगी आली की खिडकीबाहेर बघत. चार वर्षं ती दर रविवारी केंद्रात येत होती आणि त्यांच्या पाठीशी बोलून परत जात होती.

तिने दोन्ही खाचा रिकाम्या केल्या. आधी कार्डाची खोड मोडायची, मग डिस्कला हात. यंत्र सुरू करून ती कार्डाच्या सेटिंगमध्ये शिरली आणि आपोआप प्रत करायचं कलम बंद केलं. मग श्वास रोखून टेबलावरची डिस्क वरच्या खाचेत सरकवली. खट्.

पडद्यावर लाल चौकट आली. 'परकी डिस्क सापडली. पुसून नवी मांडणी करावी?' खाली 'होय' हा शब्द उजळलेला आणि शेजारी आकडे उलटे मोजत होते. तीस. एकोणतीस.

"परकी?" मगदूमकाका तिच्या खांद्यावरून वाकले. "अगं, ती तर आपली!"

"कार्डाला सकाळी तुम्ही ती दुसरी जोडी दाखवलीत ना, आता त्याला तीच घरची वाटते."

तिने खालच्या बाणाची कळ दाबली. 'होय' तसंच उजळलेलं. पुन्हा दाबली. कळ खाली गेली आणि वर येईना. बोटाला पिवळं लागलं.

"काका! कीबोर्डला पण हळद लावलीत?"

"थोडी. पाण्यात कालवून."

सतरा. सोळा. तिने नखाने कळ उचकटली, ती पुन्हा रुतली. यंत्र झटक्यात बंद करावं? पण कार्डाने पुसायला घेतलेलं अर्ध्यावर सोडलं तर? अकरा. तिने टॅबची कळ दाबली. उजेड 'होय'वरून सरकला आणि 'आहे तशी स्वीकारा' वर जाऊन थांबला. सात. सहा. एंटर.

लाल चौकट गेली. 'डिस्क स्वीकारली. शेवटची नोंद: आज, सकाळी आठ वाजून बावन्न मिनिटे.'

मगदूमकाका खुर्चीत मटकन बसले आणि नृसिंहवाडीच्या दत्ताला हात जोडू लागले. दोन वाजून पाच झाले होते.

आता एवढंच राहिलं होतं, सुरू व्हायची डिस्क म्हणून हिचा क्रमांक लिहायचा आणि यंत्र सोडायचं. दहा-बारा मिनिटांचं काम. बरं, जुनी डिस्क आत घालायची काहीएक गरज नव्हती. केतकीने ती घातली.

देखभालीच्या पडद्यावर दोन्ही डिस्का शेजारी शेजारी उघडल्या. जुनीवर सात नावं, आजचीवर अकरा. दोन्हीकडे एक नाव तिच्या ओळखीचं. तिने आधी आजचं उघडलं. आबांचे शब्द हजारोंनी होते, फलाट, पावसाळी, ओवी, कुरकुरीत, उद्या. तिने 'केतू' शोधलं. सापडलं, तळाशी. शेवटचा वापर, चार वर्षांपूर्वी. वाट जवळजवळ बुजलेली.

मग तिने जुनं उघडलं. 'केतू', एका दिवसात दोनशे बारा वेळा.

हे असंच होतं, तिला आठवलं. अंगणात पिंजराभर चिमण्या सोडल्यासारखं ते नाव केंद्रभर उडत असायचं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते पुसलंही नाही.

"काय गं?" मगदूमकाकांनी पडदा वाचला. ते म्हातारे होते, बावळट नव्हते. हळूच म्हणाले, "एकट्याचा नकाशा इकडून तिकडे घेता येतो का गं?"

"येतो."

"बाकीच्या दहांना काही होणार न्हाई?"

"काही नाही."

"मग घे की, ल्येकी. माझी चूक झाली, माझ्या माथी मार. पूजेत गडबड झाली म्हणतील. कुणाला कळणारे?"

कुणालाच कळलं नसतं. आणि होणार काय, तेही तिला ठाऊक होतं. मेंदू नकाशाच्या मागून चालतो. जुना नकाशा घातला की पंधरा दिवसांत मेंदू त्याला धरून वळतो. ज्याला शब्दच मिळत नाही तो विचार हातात राहत नाही, निसटत जातो. 'सही का केलीस' हा प्रश्न चाळीस दिवसांच्या नकाशात बांधताच येत नव्हता. आबांचा राग पुसला गेला नसता. त्याला पाय टेकायला जागा उरली नसती, एवढंच. आणि एका सकाळी ते म्हणाले असते, केतू.

तिने आबांच्या नावावर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं, 'नकाशा बदलावा?' इथे कुठलेही आकडे उलटे मोजत नव्हते. हवा तेवढा वेळ घे, असंच जणू ते यंत्र म्हणत होतं.

घड्याळात दोन वाजून वीस.

सही करतानाही असंच झालं होतं. कागद पुढे होता, पेन हातात होतं, आणि खोलीत दुसरं कुणी बघत नव्हतं. केतकीने बोट उचललं, जुनी डिस्क खाचेतून ओढून काढली आणि दालनाकडे निघाली.

"अगं, वेळ जातोय!" मगदूमकाका ओरडले.

"पाच मिनिटं."

दालनात अकरा माणसं आणि त्यांची घरची मंडळी होती, आणि तरी देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता होती. नऊ वर्षांची ओवी, जन्मतःच बोली नसलेली, दोन वर्षांपूर्वी इथे आली ती. तोंड उघडत होती, मिटत होती आणि आईच्या पदराला हिसके देत होती. तिला बोलायला शिकवलं ते आबांनी, स्टँडवरच्या घोषणांनी. जुन्या डिस्कवर ओवी नव्हतीच. नव्या नकाशात आबांच्या हजारो शब्दांत तिचं नाव होतं, तेही गेलं असतं.

आबा खिडकीबाहेर बघत होते. केतकी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली, त्यांना दुसरीकडे बघताच येऊ नये अशी.

"आबा, ऐकू येतंय ना? कळतंय ना सगळं?"

डोळे तिच्याकडे वळले. कळत होतं.

"ही जुनी डिस्क. हिच्यावर तुमचे पहिले चाळीस दिवस आहेत. ही तुमच्या डोक्याला जोडली तर तुम्ही माझ्याशी बोलाल. माझ्यावरचा राग राहणार नाही. मधली चार वर्षंही हळूहळू जातील. ओवीसुद्धा. मला ते हवंय, आबा. खोटं कशाला बोलू? मला फार हवंय."

आबा हलले नाहीत.

"आणखी एक. त्या वेळी तुम्ही मान हलवली होती, ती मी बघितली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, त्यांना काही कळत नाहीये. कळत होतं तुम्हाला. मला तुम्ही मुके नको होतात, म्हणून मी खोटं बोलले. हे कुणालाच सांगितलं नाही आजवर." तिने डिस्क दोन्ही हातांनी पुढे धरली. "आज विचारते. तुम्ही म्हणाल तसं करीन."

आबांनी डिस्ककडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मागे मगदूमकाका दारात घड्याळ धरून उभे होते. ओवीही आता आईचा पदर सोडून बघायला लागली होती. मग आबांनी चांगला हात पुढे केला आणि डिस्क तिच्या हातातून घेतली. घेतली म्हणजे हो?

आबांनी डिस्क मांडीवर ठेवली, तिच्यावर तळवा दाबून धरला, आणि मान हलवली. डावीकडे. उजवीकडे. जरा थांबून पुन्हा डावीकडे.

"बरं," केतकी म्हणाली. ती उठली आणि पळत आत गेली.

दोन वाजून तेहतीस. सुरू व्हायच्या डिस्कच्या रकान्यात अजून जुनीचाच क्रमांक होता. सकाळी कार्डाने लिहून ठेवलेला. तिने तो खोडला आणि आजच्या डिस्कचा क्रमांक एकेक आकडा मोठ्याने म्हणत भरला. मगदूमकाकांनी डिस्कवरच्या छापील पट्टीशी तो ताडून बघितला, कुंकवाचं बोट बाजूला सारून. जुळला. खालची खाच रिकामी, आपोआप प्रत बंद. तिने सेटिंग जतन केली आणि यंत्र सोडलं.

काळा पडदा. पंखे घुमायला लागले. मग पांढऱ्या ओळी, आणि शेवटी: 'नकाशे चढत आहेत. एक, अकरापैकी.'

एकेका नकाशाला दीड मिनिट लागत होतं. दोन पस्तीसला पहिला चढला. दालनातून कुणीतरी रडल्यासारखं हसलं. दोन छत्तीस, दुसरा. केतकी कपाटाला टेकून उभी होती आणि तिच्या पाठीत पंख्याची थरथर उतरत होती. आबांचा नकाशा सातवा. चढताना रेघ मध्येच थबकली. मगदूमकाकांनी डोळे मिटले. रेघ पुढे सरकली. दोन चव्वेचाळीस.

आबांच्या आवाजाची तिने वाट बघितली. दालनातून आवाज आला नाही.

आठवा, नववा, दहावा. दोन वाजून पन्नासला अकरावा. क्षणभर काहीच नाही. मग एक चिरका, बारीक आवाज सगळ्या केंद्रात घुमला, "शिरोळमार्गे सांगलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे!" ओवीची आई हुंदके द्यायला लागली आणि सगळेच एकदम बोलू लागले.

"जा की," मगदूमकाका म्हणाले. "इथं मी बसतो. शपथ, कशाला हात लावणार नाही."

केतकी दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आबा खिडकीबाहेर बघत नव्हते. त्यांच्या मांडीवरची डिस्क तशीच होती आणि ते दाराकडे बघत होते. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. एका माणसाला शब्द सापडत नसेल तर तो कसा दिसतो, हे तिने या केंद्रात शेकडो वेळा बघितलं होतं. पण जाळी चालू होती. यंत्र त्यांच्यापुढे हजार सोपे शब्द टाकत असणार, आणि ते एकेक बाजूला सारत होते.

ती जवळ गेली. आबांच्या कपाळावर घाम आला होता.

"राग," आबा म्हणाले. थांबले. "राग गेलेला नाही माझा."

केतकीने मान डोलावली.

आबांचा हात डिस्कवर घट्ट झाला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. चार वर्षं ज्या वाटेवर पाऊल पडलं नव्हतं तिच्यावरून ते निघाले होते, आणि पुढून कुणीही हात देत नव्हतं. एकदा नुसताच वारा आला. दुसऱ्यांदा अर्धं अक्षर.

"के," आबा म्हणाले. "केतू."

"असू दे, आबा," ती म्हणाली. "असू दे राग."

आणि ती त्यांच्या पायापाशी बसली.